हेमंतचा राजीनामा

आमचा बँड वाईट होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला हळहळायला जागा नको. तीन माणसं होतो. मी बेस गिटार वाजवायची, म्हणजे एका बुडालेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेल्या चार जाड तारांशी झटापट करायची. यूसुफ ड्रमवर, त्याचे ड्रम लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेले होते, आणि त्यांच्यावर चिकटवलेल्या झिरमिळ्यांचा गोंद शेवटपर्यंत निघाला नाही. हेमंत गायचा, गिटार वाजवायचा आणि आरशात बघायचा. केबल टीव्ही इंदुरात नुकताच आला होता. त्यावर परदेशातली मळकट केसांची, ढगळ स्वेटर घातलेली पोरं स्वतःवरच चिडल्यासारखी गायची. ते बघून आम्हाला वाटलं, चिडायचंच असेल तर ते आपल्यालाही येतं. बँडचं नाव ठेवलं 'भोंगा', मिलच्या भोंग्यावरून. आता विजयनगरकडे गल्लोगल्ली कॅफे झालेत. तिथे मुलं कुठल्यातरी बँकेच्या फलकाखाली उभी राहून व्यवस्थेविरुद्ध गातात आणि मध्येच थांबून त्या बँकेचे आभार मानतात. मलाही दोनदा बोलावणं आलं, 'ताई, तुम्हीच तर सुरुवात केली' म्हणून. गेले नाही. गेले असते तर बोलले असते, आणि बोलले असते तर त्यांचा कार्यक्रम बिघडला असता.

आम्ही मल्हारगंजात राहायचो, वरच्या मजल्यावर भाड्याच्या अडीच खोल्यांत. खाली पत्र्याच्या पेट्या बनवणारा कारखाना होता. सकाळी नऊला पत्र्यावर पहिला हातोडा पडायचा आणि मग दिवसभर आमच्या घरात कुणी कुणाशी हळू बोलू शकायचं नाही. शेजारी आम्हाला भांडखोर म्हणायचे. त्यातलं निम्मं भांडण हातोड्याचं होतं आणि निम्मं माझं. आई मराठी शाळेत मराठी शिकवायची आणि घरी आल्यावर आम्हाला शिकवायची. आमची इंदुरी मराठी तिच्या कानाला टोचायची. 'बाबा येऊन राहिले' म्हटलं की ती विचारायची, 'कुठे राहिले?' बाबा हसायचे. त्यांचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून, वडील सरकारी कचेरीत, आणि ते स्वतः परदेशीपुऱ्यातल्या एका कापड मिलच्या ऑफिसात. आमच्या घराण्यात कुणाची चाकरी कधी सुटली नाही, हे ते पोहे खाताखाताही सांगायचे. पोह्यांवर आधी शेव, मग जिरावणाचा मसाला, मग घराणं. तोवर आई डबा भरायची. चार पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या, कैरीच्या लोणच्याची एक फोड. झाकण नीट लागलंय ना हे बाबा अंगठ्यानं दाबून बघायचे आणि निघायचे.

आमची तालीम व्हायची सियागंजात, हेमंतच्या मामाच्या मिरचीच्या गोदामात, रविवारी बाजार बंद असताना. छतापर्यंत लाल मिरचीची पोती रचलेली, आणि ड्रमवर पहिली काठी पडली की पोत्यांतून तिखट उडायचं. पहिल्या गाण्यात शिंका, दुसऱ्यात डोळ्यांना धारा, आणि तिसऱ्यापर्यंत हेमंतचा गळा बसलेला. मुळात त्याचा आवाज भावगीताचा, लोणी लावलेला. लहानपणी गणेशोत्सवात बक्षिसं मिळवलेला. पण त्या गोदामात तो असा काही खरवडून निघायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, या मुलानं आयुष्यात फार सोसलंय. त्यानं काहीही सोसलेलं नव्हतं. त्याचे वडील जिल्हा कोर्टात बाबू होते, घरी दोन स्कूटर होत्या. गिटारचा आवाज फाडून बाहेर काढणारी एक पेटी आमच्या गल्लीतल्या सोलंकीजींनी जुन्या रेडिओचे भाग जोडून बनवून दिली होती. ते खरं म्हणजे टीव्ही दुरुस्त करायचे. कॉलेजातली मुलं म्हणायची, काय दर्द आहे तुमच्या म्युझिकमध्ये. दर्द कसला, मिरची होती.

मग मिल बंद पडली. ते शहराला वेगळं सांगावं लागलं नाही, भोंगा वाजायचा थांबला. बाबा म्हणाले, 'कापड बंद झालंय, ऑफिस चालूच आहे. इतक्या वर्षांचे कागद निपटवायचे म्हणजे मजाक आहे का?' आई डबा भरत राहिली, बाबा अंगठ्यानं झाकण दाबत राहिले. एका बुधवारी मी यूसुफच्या घरी परदेशीपुऱ्यात चालले होते. दुपारचा एक वाजत आला होता. मिलच्या फाटकासमोर एका देवळाचा ओटा आहे, तिथे बाबा बसलेले दिसले. फाटकाला कुलूप, कुलपाला कापड गुंडाळून लाख लावलेली. बाबांनी घड्याळ बघितलं. एक वाजू दिला. मिलमध्ये जेवणाची सुट्टी एकला व्हायची. मग त्यांनी डबा उघडला, सावकाश जेवले, नळावर डबा धुतला आणि पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसले. मी रसाच्या गाडीमागे उभी राहून सगळं बघितलं आणि त्यांच्याकडे गेले नाही. मला त्यांची लाज वाटली. तशी ती वाटली याची लाज मला अजून वाटते, आणि ती कुठल्याही गाण्यानं गेलेली नाही. संध्याकाळी साडेपाचला ते घरी आले, 'आज फार काम होतं' म्हणाले, आणि मी त्यांना पाणी दिलं.

दोन दिवसांत मी गाणं लिहिलं. तोवर आम्ही जे गायचो ते सगळं उसनं होतं. परदेशी पोरांच्या दुःखाला आमची चाल किंवा आमच्या शब्दांना त्यांची. हे एकटंच आमचं होतं. चारच ओळी सांगते, कारण पुढे त्यांच्यावरच सगळं अडलं:

डबा भरला, डबा बंद,
बाबा निघाले, मिल बंद.
डबा धुतला, डबा बंद,
बाबा परतले, मिल बंद.

मागून मी नुसतं 'निघाले, निघाले' म्हणायची. हे बाबा म्हणजे माझे बाबा, हे मी कुणालाही सांगितलं नाही. हेमंतला वाटलं हे सगळ्या मिलवाल्यांचं गाणं आहे, आणि यूसुफला वाटलं त्याच्या अब्बांचं, कारण ते त्याच मिलमध्ये मागावर होते. मी एकच अट घातली: हे गाणं मल्हारगंजात आणि परदेशीपुऱ्यात वाजवायचं नाही. हेमंतनं कारण विचारलं तेव्हा 'माझी मर्जी' म्हटलं. बाबांनी एवढ्या मेहनतीनं जपलेली गोष्ट त्यांच्याच पोरीनं चव्हाट्यावर मांडली, असं त्यांना कधी कळलं तर ते काय करतील याचा मी विचारच करू शकत नव्हते. माझ्या रागाची दोघांना सवय होती, म्हणून अट निभली.

एका कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही ते गाणं वाजवलं आणि तिथे सरीन नावाचा माणूस बसलेला होता. मुंबईच्या जाहिरात कंपनीचा. पुढच्या रविवारी तो पांढरे बूट घालून गोदामात आला, लागोपाठ शिंकला, आणि रुमालातूनच म्हणाला, 'ये जो खुरदरापन है ना आप लोगों में, ये बनाने से नहीं बनता. हमें ऑथेंटिक चीज चाहिए.'

'किसलिए चाहिए?' मी विचारलं.

'अचार के लिए,' तो म्हणाला.

एका लोणच्याच्या कंपनीला महाराष्ट्रात उतरायचं होतं, त्यांना मराठी गाणं हवं होतं, आणि आमच्या गाण्यात आयताच डबा होता. 'बस वो मिल-विल का थोडा देख लेंगे,' तो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला दार दाखवलं, त्याचे बूट खराब होतील असं काही बोलले, आणि बेसची वायर गुंडाळायला लागले. सरीनचं मला काही वाटलं नाही, तो धंद्यालाच निघालेला माणूस. मला भीती वाटली ती हेमंतच्या तोंडाकडे बघून. तिथे लोणचं दिसायला लागलं होतं.

'नीलू, तू बेकारमध्ये भडकून राहिली आहेस,' हेमंत म्हणाला. 'मी उद्या जातो त्याच्या हॉटेलवर. मामला मिटवून येतो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्या घरी आला. आई भुट्ट्याचा कीस परतत होती, हिंगाचा आणि दुधाचा वास घरभर. हेमंत दारातच उभा राहिला, घाम पुसला आणि म्हणाला, 'झालं. मी राजीनामा करून आलो.'

आईनं कढईतून मान वर केली. 'राजीनामा देतात रे हेमंत, करत नाहीत. त्या हिंदीनं तुमच्या क्रियापदांची पार वाट लावली.'

आम्ही सगळे हसलो. हेमंतही हसला. मी इतकी खूश झाले की त्याच्या बशीत माझ्या वाटचा कीस ओतला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला हेमंत आवडला. दोन स्कूटरच्या घरातला मुलगा मुंबईवाल्याच्या तोंडावर नकार फेकून आला, असं मी पुढचा महिनाभर कॉलेजात सांगत फिरले. सांगताना मीच त्यात मीठमसाला घालायची: तो कसा उठला, खुर्ची कशी मागे सारली. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करत राहिली आणि त्या दिवशी चूक तिच्या बरोबर हातात आली होती. क्रियापद तिनं दुरुस्त केलं, आणि अर्थ तसाच दारातून आत आला. आम्ही त्याला पाट दिला, बशी दिली.

महिना-सव्वा महिन्यानं मी सोलंकीजींकडे गिटारची ती पेटी दुरुस्त करायला घेऊन गेले. दुपार उलटली होती. त्यांच्या दुकानात चार-पाच टीव्ही पोट उघडे टाकून पडलेले असायचे आणि एक चालू. त्या दिवशी त्यावर केबलचं मराठी चॅनल लागलेलं होतं. मी पेटी पुढे ठेवली तर सोलंकीजी म्हणाले, 'अरे वाह बहनजी, बताया भी नहीं. सुबह से तीन बार आ गया आपका गाना.' मला वाटलं, थट्टा करतायत. थोड्या वेळानं ते लागलं. एक गोरीपान बाई डबा भरते आहे, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गुबगुबीत माणूस सोफ्यावरून उठतो आहे, आणि हेमंत गातो आहे, तोच खरवडलेला आवाज:

डबा भरला, डबा बंद,
बाबा निघाले, मनपसंद!

मागून 'निघाले, निघाले' माझं होतं. बदललेला शब्द तेवढा हेमंतकडून नव्यानं म्हणवून घेतला होता, बाकी आमची गोदामात भरलेली टेप जशीच्या तशी. मग बाटली, बाटलीवर चमक. मी पेटी तिथेच टाकून सियागंजाकडे निघाले. मिल बंदच्या जागी मनपसंद. अक्षरं किती थोडी बदलली होती! भाचीनं परवा फोनवर हीच जाहिरात काढून दाखवली. खाली लोकांनी गहिवरून लिहिलंय, 'आमचं लहानपण', 'तेव्हा सगळं किती खरं होतं'. तिला म्हटलं बंद कर, तर ती गोळी घेऊन आली. माझ्या रागाला आमच्या घरात डोकेदुखी म्हणायची पद्धत आहे.

हेमंत रोजच्यासारखा गोदामाच्या ओट्यावर यूसुफबरोबर चहा पीत बसला होता. मला बघून हसला. ते हसू मी विसरलेले नाही.

'ऐकलंस? लागलं ना! मी तुला सांगणारच होतो आज.'

'तू राजीनामा दिला होतास,' मी म्हटलं.

'दिला कुठे? केला. तुझ्यासमोर तर बोललो. काकूपण होत्या.'

'राजीनामा म्हणजे सोडून देणं, हेमंत!'

'अगं, राजीनामा म्हणजे समझौता! दोन पार्ट्या राजी झाल्या की राजीनामा. पप्पांच्या कोर्टात रोज होतात.' तो खरोखर गोंधळला होता. 'तू हसलीस. काकूंनी कीस वाढला. मी समजलो, तू मान गई.'

हे खरं होतं. आमच्याकडच्या कोर्टात आजही वादी-प्रतिवादी तडजोड करून दावा मिटवतात त्याला राजीनामाच म्हणतात. त्याच्या घरात तो शब्द रोज जेवणाबरोबर असायचा, माझ्या घरात फक्त शुद्ध मराठीतला. एक गाव, एक भाषा, आणि एका शब्दात दोघं उलट्या दिशांना निघून गेलो. पण तेवढ्यानं मी त्याला सोडणार नव्हते.

'आणि मनपसंद? ते कोणत्या कोर्टात झालं?'

तो यूसुफकडे बघून म्हणाला, 'त्यांना एक शब्द बदलून हवा होता. मी दिला. एकच शब्द, यार.'

'मिल बंद बोलने में उनका क्या जा रहा था?' यूसुफ म्हणाला. त्यानं चहा खाली ठेवला होता. एवढंच बोलला.

हेमंत त्याच्यावर उखडला. 'तुम्ही दोघं ना, उंटावरचे शहाणे! हॉलमध्ये साठ पोरं होती, त्यातली चाळीस पंख्याखाली बसायला आलेली. आता घराघरात वाजतंय. विकलं नाही मी, पोचवलं. मिल बंद, मिल बंद ओरडून कोणाची मिल चालू झाली का? सांग ना, झाली?' मग आवाज खाली आणून म्हणाला, 'तुझं तसंही काय गेलं, नीलू? तुझ्या घरी तर तुझे बाबा अजून ऑफिसला जातात.'

तोंडापर्यंत आलं होतं. ते सांगितलं असतं तर हेमंत जागच्या जागी मेला असता, आणि मला त्याला मारायचंच होतं. पण ते त्याला सांगणं म्हणजे बाबांना आणखी एका माणसाच्या हवाली करणं, आणि हेमंतच्या हवाली केलेल्या गोष्टीचं काय होतं ते मी आत्ताच टीव्हीवर बघून आले होते. मी फक्त म्हटलं, 'तू लोणचंच आहेस. तोंड बघायची इच्छा नाही.' त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. तो पुढे मुंबईला गेला, तेल-साबणांची गाणी करून मोठा झाला, दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतो. लोक म्हणतात, इतक्या वर्षांचा राग बरा नव्हे. मला तो बरा वाटतो. तो माझा आहे आणि त्यातला एकही शब्द कुणाला बदलू दिलेला नाही.

घराकडे मी जवळजवळ पळतच आले. आईच्या मराठी मालिकेची वेळ होत आली होती. बाबा यायच्या आत टीव्हीची वायर काढायची, केबल बिघडली म्हणायचं, काहीही म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं. आज नाही तर उद्या ऐकतील, हे तेव्हा सुचलंच नाही. जिना चढले तर बाबांच्या चपला दाराशी होत्या. ते टीव्हीसमोर उभे होते, शर्टाची वरची दोन बटणं सोडलेली, आणि पडद्यावर बाटली चमकत होती.

'नीलू! इकडे ये.' मिल बंद झाल्यापासून त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता. 'हा हेमंत आहे ना? आणि मागे निघाले-निघाले, ती तू. मी आवाज ओळखला! बाप आहे शेवटी.' ते हसले. 'बोलली नाहीस काही? अगं, डबा काय, बाबा काय, सगळं आपल्या घरातलं. एकदम बराबर.'

मी दाराला धरून उभी होते.

'त्यांनी तर दोनच ओळी लावल्या,' बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. 'आख्खं म्हण ना. मला आख्खं ऐकायचं आहे.'

नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. पण ते मांडीवर ठेका धरून बसले होते, शाळेच्या संमेलनात पहिल्या रांगेत बसायचे तसे. मी सुरू केलं. डबा भरला, डबा बंद. बाबा निघाले. तिथे माझ्या तोंडात 'मिल बंद' तयार होतं, शंभर वेळा म्हटलेलं, जीभ आपोआप तिकडे वळत होती. आई मोरीतून बाहेर आली, हातात बाबांचा घासलेला डबा. ती बाबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. तिनं मान हलवली, अगदी थोडी, वर्गात चुकणाऱ्या मुलाला सावध करावं तशी.

'मनपसंद,' मी म्हटलं.

आणि मग थांबता येईना, कारण त्यांना आख्खं हवं होतं. खऱ्या गाण्यातली पुढची एकही ओळ त्या खोलीत म्हणण्यासारखी नव्हती. मी तिथल्या तिथे दोन कडवी रचली, लोणच्याच्या फोडीवर, आईच्या हाताच्या चवीवर, दिवसभर राबून घरी परतणाऱ्या बाबांवर. ती हेमंतच्या ओळीपेक्षा कितीतरी चांगली जमली, आणि हे लिहिताना आत्ताही माझे दात आवळले जातायत. सरीननं ऐकली असती तर उचलून नेली असती.

बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढे वाकून, कौतुकानं, पण काहीतरी पक्कं करून घ्यावं तसं त्यांनी विचारलं, 'शब्द कुणाचे?'

'माझे,' मी म्हटलं.